दाजींना घर बघू द्या, हिशोब नको

मस्कतहून एका वाचकांनी विचारलंय. जुळे सोलापुरात प्लॉट घेऊन ठेवलाय, तळमजला आणि वर एक मजला असं घर बांधायचंय. ठेकेदार ओळखीतला आहे, पण कामाला हात लावायच्या आधीच तीस टक्के उचल मागतोय, द्यावी का? बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, 'तुम्ही निवांत राहा, मी बघतो की' म्हणतायत. त्यांच्या नावे मुखत्यारपत्र करून त्यांच्याच खात्यावर पैसे पाठवत गेलो तर चालेल का? आणि दिवाळीला येतोय, तेव्हा भूमिपूजन उरकून काम सुरू करावं का?

आधी दाजींचं बघू. बांधकाम बिघडलं तर पैसे घालून दुरुस्त करता येतं. दाजींशी बिघडलं तर ताईनं माहेरी यायचं कुठल्या तोंडानं?

दाजी पैसे खातील असं मी म्हणत नाही. बहुतेक घरांत तसं होतही नाही. होतं ते असं: दाजींना स्वतःचं दुकान किंवा नोकरी असते. ते संध्याकाळी सहा-साडेसहाला साइटवर पोचतात, तेव्हा गवंडी हातपाय धुऊन निघालेले असतात. ठेकेदार म्हणतो, 'साहेब, सळई कमी पडतीय, अजून दोन टन मागवायला लागतंय.' दोन टन खरंच लागतात का, हे दाजींना कसं कळणार? ते हो म्हणतात. कुणाला रोख देतात, कुणाला फोनवरून पाठवतात, जमेल तसं डायरीत लिहितात. सात-आठ महिन्यांनी तुमचे पैसे संपत येतात आणि एका रात्री तुम्ही फोनवर सहज विचारता, 'दाजी, एवढं सिमेंट लागलं?' तुम्ही सिमेंटबद्दल विचारलेलं असतं. त्यांना ते स्वतःबद्दल ऐकू येतं. स्वतःचा धंदा सोडून जो माणूस तुमच्यासाठी उन्हात उभा राहिला, त्याला ते लागणारच.

म्हणून बांधणारा, मोजणारा आणि पैसे देणारा ही तीन माणसं वेगळी ठेवा. बांधणारा ठेकेदार. मोजणारा म्हणजे तुम्ही स्वतः नेमलेला सिव्हिल इंजिनिअर. ठेकेदारानं 'हे आपलेच आहेत' म्हणून आणलेला नव्हे. त्याची फी खर्चाच्या टक्केवारीनं ठरवू नका, कारण मग बिल फुगलं की त्याचीही फी फुगते. दर भेटीमागे किंवा दरमहा ठरवा, आणि प्रत्येक भेटीनंतर चार ओळींचा लेखी अहवाल घ्या. पैसे देणारे तुम्ही, तुमच्या खात्यातून, थेट ज्याचे त्याला. दाजींकडे किल्ली, शेजाऱ्यांशी हद्दीवरून होणारी बोलणी, महापालिकेत एखादी चक्कर आणि वास्तुशांतीचं सगळं. त्यांचा मान यात कुठेही कमी होत नाही, उलट हिशोबाची कटकट टळली म्हणून त्यांना बरंच वाटेल.

मुखत्यारपत्र करा, पण खास करा, सर्वसाधारण नको. बांधकाम परवानगीच्या अर्जावर सही, वीज आणि नळ जोडणीचे अर्ज, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र, एवढीच कामं त्यात नावानिशी लिहा. विकणं, गहाण ठेवणं, कर्ज काढणं यांचा अधिकार देत नाही, हे स्पष्ट लिहा आणि मुदत घाला. मस्कतच्या भारतीय दूतावासात सही साक्षांकित करून घेता येते. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, देणाऱ्या देशात असाल तर नोटरी आणि अपोस्टिल हा दुसरा रस्ता. कागद इथे पोचल्यावर ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे पुष्कळ जणांकडून राहून जातं, आणि मग ऐन वेळी कार्यालयात तो कागद चालत नाही.

खात्याचंही तसंच. परदेशी गेल्यावर जुनं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथलं रुपयांतलं खातं, करून घ्यायचं असतं. ते अजून तसंच असेल तर बांधकामाचा पहिला रुपया जाण्याआधी बदला. खर्च एनआरई (परदेशातून पाठवलेल्या कमाईचं खातं) किंवा एनआरओ खात्यातून झाला की प्रत्येक रकमेचा माग राहतो. उद्या घर विकून पैसे बाहेर न्यायची वेळ आली तर बँक हाच माग मागते. दाजींच्या खात्यातून गेलेल्या पैशांचा असा माग दाखवताना तुमची आणि त्यांची दोघांची दमछाक होईल.

आता उचल. तीस टक्के देऊ नका. सुरुवातीला मुकादमाला माणसं आणायला आणि सेंट्रिंगचं सामान हलवायला थोडे पैसे लागतात हे खरं, पण त्यासाठी पाच टक्के पुष्कळ झाले. पुढचे हप्ते कामाच्या टप्प्याला बांधा: जोतं झालं, पहिला स्लॅब पडला, दुसरा पडला, भिंती, गिलावा, फरशी. टप्पा पुरा झाल्याचं इंजिनिअरनं लेखी दिलं की पैसे. पाच ते दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा, कारण गच्ची गळते की नाही हे पावसाशिवाय कळायचं नाही. 'स्लॅब उद्या आहे, आजच्या आज पाच लाख टाका की ओ' असा फोन येणारच. त्याला उत्तर एकच: इंजिनिअरशी बोला.

करारात चौरस फुटाचा दर लिहिला म्हणजे झालं असं समजू नका. भांडणं दरावरून होत नाहीत, दरात काय धरलंय यावरून होतात. जिन्याची टोपी, बाल्कनी, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड, बोअर, दारासमोरचा उतार, यातलं काय आत आणि काय बाहेर, ते एकेक करून लिहा. सिमेंट-सळईची कंपनी, खिडक्यांचा सेक्शन, वायरची जाडी, फरशीचा दर किती धरला, हेही. तसंच मजुरीचा ठेका की मटेरियलसह, हे ठरवा. परदेशात राहणाऱ्यानं मजुरीचा ठेका घेऊन मटेरियल स्वतः पुरवायच्या फंदात पडू नये असं माझं मत आहे. वाचतात थोडे पैसे, पण रोज वाळू-खडीच्या गाड्या मोजायला इथे कुणीतरी लागतं, आणि तो कुणीतरी म्हणजे परत दाजीच.

सोलापुरात मात्र सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे माती. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्हीही लहानपणी बघितल्या असतील. त्या मातीवर टेकलेलं घर दरवर्षी जरासं उचललं जातं आणि जरासं बसतं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे निघतात, दारं चौकटीत अडकायला लागतात. पाया काळ्या मातीतून खाली कठीण मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यायला हवा. हा मुरूम एका प्लॉटला चार फुटांवर लागतो आणि पलीकडच्याला आठ-दहा फूट खणलं तरी लागत नाही. त्यामुळे 'इकडं सगळीकडं पाच फूटच घेतोय आम्ही' या वाक्यावर विसंबू नका. प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घ्या, मातीची तपासणी करून घ्या आणि त्यावरून स्ट्रक्चरल इंजिनिअरला फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, काढू द्या. घराच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

आणि भराव. पाया खणताना निघालेली काळी माती प्लॉटवरच ढीग घालून पडलेली असते. ती बाहेर न्यायला गाडीभाडं लागतं, मुरूम विकत आणायला पैसे लागतात. साहजिकच ती काळी मातीच परत जोत्यात लोटली जाते, वरून पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट), वरून फरशी. दोन पावसाळ्यांनंतर हॉलची फरशी मधोमध उचलते आणि टाचेनं ठोकलं की पोकळ वाजते. 'जोत्यात फक्त मुरमाचा भराव, थराथरानं पाणी मारून धुमसलेला' हे करारात लिहाच, आणि भराव चालू असताना व्हिडिओ कॉल करा. काळं की तांबूस-पिवळं, एवढं तर मोबाइलवरही दिसतं.

सळईचा हिशोब मस्कतमध्ये बसूनही करता येतो. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६ किलो भरते, म्हणजे एका टनात ९४च्या आसपास सळ्या. थोडा फरक चालतो. वजनकाट्याची पावती आणि गाडीत उघड्या दिसणाऱ्या सळ्यांचा फोटो मागवा आणि मोजा. वाळूचं माप ब्रासमध्ये: गाडीत माल किती लांब, रुंद आणि उंच भरलाय ते फुटात मोजून गुणायचं, शंभरानं भागायचं. उंची टेप लावून मोजलेली हवी, फळीच्या वरपर्यंत धरलेली नको. मटेरियलसह ठेका असला तरी हे बघा. सळई कमी पडली तर ती तुमच्याच स्लॅबमध्ये कमी पडते.

व्हिडिओ कॉलचा शुक्रवार तुम्हाला सोयीचा. तिकडे सुट्टी, इकडे काम चालू, आणि वेळेत फरक दीड तासाचाच. पण कॉलवर समोरचं एलिव्हेशन बघत बसू नका. स्लॅबच्या आदल्या दिवशी सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई तळापासून उचलून धरणारे ठोकळे, आहेत का, दोन सळ्यांत किती अंतर आहे, हे टेप लावून दाखवायला सांगा आणि टेपवरचा आकडा नकाशाशी ताडा. इंजिनिअरनं सळई तपासून सही केल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, ही अट लेखी ठेवा. काँक्रीट घट्ट वाटलं की वरून पाण्याची बादली ओतायची सवय पुष्कळांना असते. त्या दिवशी इंजिनिअर मिक्सरपाशी उभा पाहिजे, चहाच्या टपरीवर नाही. त्याच काँक्रीटचे क्यूब, म्हणजे तपासणीचे ठोकळे, भरून घ्या, ७ आणि २८ दिवसांनी तपासून रिपोर्ट पाठवायला सांगा.

स्लॅबवर पाणी ही आपल्या गावाची वेगळीच गोष्ट. चाळिशीपार उन्हात ओला स्लॅब झपाट्यानं वाळतो, आणि नळाला पाणी रोज येत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. स्लॅबवर आळी (छोटे बांध) करून किमान १० दिवस पाणी साठवून ठेवायचं. आत्ताच्या मिश्र सिमेंटला, उन्हाळ्यात, १४ दिवस धरा. हे पाणी कुणी आणायचं, बोअरचं की टँकरचं, टँकरचे पैसे कुणाचे, हे करारात नसेल तर चौथ्या दिवशी स्लॅब कोरडा पडलेला असतो आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. बोअर आधी घ्यायचं ठरवत असाल तर त्या पाण्याचीही तपासणी करून घ्या, खारट पाणी काँक्रीटला चालत नाही.

कागदांचं थोडक्यात. बिनशेती आदेश, मंजूर लेआउट, तुमच्या नावचा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, आणि भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द मोजणी, एवढं हातात आल्याशिवाय खोदाई नाही. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेला, निघाला तर तो नियमित झालाय का हे आधी बघा, नाहीतर परवानगीच मिळायची नाही. आणि जाता जाता कुणी 'शेजारची एकरभर शेतीही स्वस्तात मिळतीय' म्हणालं तर सोडून द्या. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसानं मिळू शकते, विकत घेता येत नाही. ठेकेदाराशी वाद झाला तर महारेरा तुमच्या कामाचं नाही, ते बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे. स्वतःच्या प्लॉटवरच्या कामासाठी ग्राहक आयोगात जाता येतं, पण तिथेही सही केलेला करार आणि बँकेतून दिलेले पैसे हेच दाखवावं लागतं.

सुट्टी कधी घ्यायची? आपली माणसं भूमिपूजनाला येतात आणि वास्तुशांतीला येतात. मधलं सगळं, जे पुढे कधी दिसणार नाही, ते कुणीच बघितलेलं नसतं. माझं ऐकाल तर भूमिपूजन दाजी आणि ताईंच्या हस्ते होऊ द्या, आणि तुम्ही फुटिंगच्या आठवड्यात आणि पहिल्या स्लॅबला या. जमलं तर गिलाव्याच्या आधी आणखी एकदा, भिंतीतले पाइप आणि वायरी उघड्या असताना. प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतील.

या दिवाळीत भूमिपूजन नको. ठेकेदाराशी करार झालेला नाही, इंजिनिअर नेमलेला नाही, माती बघितलेली नाही, आणि नारळ फुटला की ठेकेदार बदलणं अवघड होतं. दिवाळीच्या सुट्टीत खड्डे घ्या, दोन-तीन इंजिनिअरांना भेटा, या ठेकेदारानं पाच वर्षांपूर्वी बांधलेली दोन घरं आतून बघून या आणि घरमालकांना गच्चीबद्दल विचारा. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत कामाला माणसं तशीही कमीच असतात. ती झाली की जानेवारीअखेर खोदाई धरा, म्हणजे पावसाच्या आत जोतं भरून होईल. स्लॅब मात्र मेमध्ये यायला लागला तर घाई करू नका, जूनचे दोन पाऊस होऊ द्या. दाजींना काय सांगायचं, तर हेच पत्र वाचायला द्या, वाईटपणा माझ्याकडे.