फौजी भाडेकरूचं थकलेलं भाडं आणि विम्याचा हप्ता

साताऱ्याहून एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आलं आहे. वय ६२, पेन्शन ३८,०००. पुण्यात दिघीला त्यांचा फ्लॅट आहे. दोन वर्षांपूर्वी तो लष्करातल्या एका नायकाला १४,००० रुपये भाड्याने दिला. डिपॉझिट ३०,०००, करार नोटरी केलेला. पुढे नायकाची लडाखला बदली झाली. पत्नी आणि मुलं फ्लॅटमध्येच आहेत आणि सात महिन्यांचं भाडं थकलंय. मध्ये दोनदा नायकाच्या पत्नीने पाच-पाच हजार रोख दिले. कोर्टात जावं की कमांडिंग ऑफिसरला लिहावं, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "भाडे हाती येईपर्यंत विम्याचा १,२०,००० रुपयांचा हप्ता भरण्यासाठी सौ.च्या दागिन्यांवर कर्ज काढत आहे."

गुरुजी, आधी ते दागिने परत कपाटात ठेवा. का ते पुढे सांगतो.

भाड्याचं बघू. सात महिन्यांचे ९८,०००, त्यातून मिळालेले १०,००० वजा केले की ८८,०००. डिपॉझिट ३०,००० तुमच्याकडेच आहे. म्हणजे आज अडकलेत ५८,०००. बदली होईपर्यंत हाच माणूस दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत फोनवरून पैसे पाठवत होता, असं तुम्हीच लिहिलंय. तो भाडं बुडवणारा वाटत नाही. सीमेवर फोनला रेंज नसेल, घरचा खर्च दोन ठिकाणी वाटला गेला असेल. त्याच्या पत्नीशी शांतपणे बोला. पगाराच्या खात्यातून दरमहा भाडं आपोआप वळतं करण्याची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावता येते का ते विचारा, आणि थकबाकीचे दरमहा चार-पाच हजार वेगळे ठरवून घ्या. ते दहा हजार घेताना पावती दिली नाहीत, ती आज द्या. भाड्याची पावती देणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

कमांडिंग ऑफिसरला पत्र लिहायला हरकत नाही. सौम्य भाषेत लिहा, सोबत हिशोब जोडा. ते जवानाला समज देऊ शकतात, तुमचं भाडं पगारातून कापून देणं मात्र त्यांच्यावर बंधनकारक नाही. कोर्टात गेलात तरी आर्मी ॲक्ट १९५० प्रमाणे जवानाच्या पगारावर आणि भत्त्यांवर जप्ती येत नाही, कर्जापायी अटकही होत नाही. तो युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत तैनात असल्याचं प्रमाणपत्र आलं, तर १९२५ च्या इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्टखाली दावा स्थगितही होतो. हे संरक्षण योग्यच आहे. बर्फात पहारा देणाऱ्याला तारखेला हजर राहता येत नाही.

तुमची अडचण वेगळीच आहे. लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायला देण्याचा, भाडेकरूचे हक्क न देणारा) तुम्ही नुसता नोटरी केलात, नोंदवला नाहीत. "फौजी माणसाकडे एवढे कागद कसे मागायचे" असं तुम्ही लिहिता. गुरुजी, कागद मागण्यात अविश्वास नसतो, कागद दोघांच्याही कामाचा असतो. दोन वर्षांच्या करारावर मुद्रांक शुल्क साडेआठशेच्या आसपास आणि नोंदणी फी हजार रुपये लागली असती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरतात, आणि मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. उद्या त्याने "मी भाडेकरूच" असं म्हटलं, तर आधी नोटीस द्यायची, मग ९० दिवस थांबायचं, मग दावा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने १५ टक्के व्याजासह थकबाकी आणि खर्च भरला की घर त्याच्याकडेच. म्हणून ५८,००० साठी आज वकील लावू नका. थकबाकीचं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने फ्लॅटवर आणि युनिटच्या पत्त्यावर पाठवा, वसुलीचे प्रयत्न केल्याचा तो कागद आयकरातही लागेल. सुट्टीवर आला की त्याच्याशी नवा करार करा, या वेळी नोंदवून.

आता विम्याचं. तुम्ही पॉलिसीच्या तक्त्याची झेरॉक्स जोडली आहे. तिच्या कोपऱ्यात पेनने लिहिलंय: "भाडे १४,००० × १२, हप्ता निघतो." ते अक्षर बँकेतल्या साहेबांचं, असं तुम्ही म्हणता. ते वाचून मला संताप आला. १४,००० × १२ म्हणजे १,६८,०००. त्यातून सोसायटीचे २४,०००, मालमत्ता कर आणि डागडुजीचे १०,००० आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एक महिना काढा. उरले १,२०,०००, म्हणजे नेमका हप्ता. एक महिना भाडं चुकलं की हप्ता चुकणार, हे त्या कोपऱ्यातल्या ओळीत कुठेच नाही. साठी उलटलेल्या माणसाला दहा वर्षांचं देणं गळ्यात बांधलं, तेही एका भाडेकरूच्या भरवशावर.

आणि मिळणार काय? दहा वर्षांत १२ लाख भरायचे, बाराव्या वर्षाच्या शेवटी साडेसोळा लाख. तुम्हाला "जवळजवळ दीडपट, गॅरंटीड" असं सांगितलं. वर्षाला पडतात सव्वाचार टक्के. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते आणि दर तिमाहीला व्याज हातात पडतं. सोनेतारण कर्ज दहा-अकरा टक्क्यांनी घेऊन त्यातून सव्वाचार टक्क्यांची पॉलिसी जगवायची, याला काय म्हणावं?

पण रागाच्या भरात पॉलिसी सरेंडरही करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका. दोन हप्ते, २,४०,००० भरलेत. दुसऱ्या वर्षी हमीची सरेंडर किंमत किमान ३० टक्के, म्हणजे ७२,००० च्या आसपास. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली, तर दहापैकी दोन हप्त्यांच्या प्रमाणात साधारण ३,३०,००० मुदतीअखेर मिळतील. विमा कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागा, शाखेतल्या साहेबांकडून तोंडी नको. विशेष सरेंडर किंमत (हमीच्या किमतीऐवजी कंपनी प्रत्यक्षात देऊ करते ती रक्कम) दीड लाखाच्या वर निघाली तर मला कळवा, मग पुन्हा विचार करू. नाहीतर पेड-अप. सौ.ना पुढे फॅमिली पेन्शन आहे, त्यामुळे या पॉलिसीतल्या विमाछत्राची तुम्हाला निकड नाही.

तिसरा हप्ता दोन महिन्यांनी आहे. त्याआधी कंपनीला पत्र जाऊ द्या, आणि खात्यातून हप्ता आपोआप कापला जात असेल तर बँकेत तो आदेशही रद्द करा. हे दुसरं काम विसरलं जातं आणि पैसे निघून जातात.