बाईंच्या वहीतले नाव आणि बारावीनंतरचा निर्णय

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे पत्र मी दोनदा वाचले. भांडुपच्या ज्या महापालिका शाळेत तू शिकलीस, तिथे 31 वर्षे शिकवलेल्या तुझ्या बाईंचे गेल्या महिन्यात निधन झाले. शोकसभेत त्यांची गैरहजर मुलांच्या नोंदींची वही पाहायला ठेवली होती आणि तिच्यात तुझेही नाव निघाले. बारावी विज्ञानानंतर अभियांत्रिकीला न जाता डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका करावी, असे तुला तेव्हापासून वाटते. वडिलांना मात्र हा दुःखाच्या भरातला निर्णय वाटतो. ‘बाईंचे ऋण फेडायचे तर शिक्षिकाच व्हायला हवे का?’ असे तू विचारले आहेस.

केवळ ऋण फेडण्यासाठी कोणी शिक्षक होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वर्गातल्या मुलांना तुझ्या कृतज्ञतेची नव्हे, तुझ्या लक्षाची गरज असते. तरीही तुझ्या पत्रातल्या एका परिच्छेदाने मला थांबवले. तिसरीत असताना आई कामावर जात असल्याने धाकट्या भावाला सांभाळायला तू चार दिवस घरी राहिलीस. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई चाळीत आल्या, उंबरठ्याशी बसून आईशी बोलल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तुझा भाऊ वर्गात मागे सतरंजीवर बसू लागला. वहीत तुझ्या नावापुढे त्यांनी एवढेच लिहिले होते : ‘भाऊ लहान. सोबत आणावा.’

मुलांच्या उपस्थितीविषयी पालकांना नियमित भेटणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, असे 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सांगतो. बाईंच्या वहीची पहिली पाने तू म्हणतेस तशी 1996 सालची असतील, तर त्या हे काम कोणी सांगण्याच्या कितीतरी आधीपासून करत होत्या. त्या वहीतले तुला नेमके काय भावले, हे स्वतःला विचार. बाईंची माया आठवून डोळे भरून येत असतील, तर ते स्वाभाविक आहे, पण त्यावरून व्यवसाय ठरवू नये. एखादे मूल का आले नाही हे शोधून काढण्याची ओढ तुलाही वाटत असेल, तर वडिलांशी बोलायला तुझ्याकडे भक्कम कारण आहे.

आता व्यवहाराचे. डी.एल.एड. दोन वर्षांचे आहे. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिली ते पाचवीसाठीचा पहिला पेपर द्यावा लागतो. तो 150 गुणांचा असतो आणि खुल्या प्रवर्गाला 60 टक्के गुण लागतात. पुढे शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र या राज्याच्या शिक्षकभरती पोर्टलवरून निवड. ही चाचणी दरवर्षी होत नाही. 2017 नंतर ती थेट 2023 मध्ये आणि मग 2025 मध्ये झाली. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पूर्ण वेतनाऐवजी ठरावीक मानधनावर, काढावी लागतात आणि प्राथमिकसाठी मानधन दरमहा 16,000 रुपये आहे. मुंबईत एवढ्यात घर चालवणे किती कठीण, हे तुझ्या वडिलांना ठाऊक आहे. त्यांच्या काळजीला विरोध समजू नकोस. शिवाय शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात आणि मराठी माध्यमाचा पट घटतो आहे, हेही त्यांच्यापासून लपवू नकोस.

‘आधी पदवी, मग बी.एड. करून बघू’ असे वडील सुचवतात. बी.एड.धारक पहिली ते पाचवीसाठी पात्र नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये निर्णय दिला आहे. म्हणून बाईंसारखे लहान मुलांनाच शिकवायचे असेल, तर डी.एल.एड.ला पर्याय शोधत बसू नकोस. सहावीपासून पुढे विज्ञान शिकवायचे असेल, तर बी.एस्सी. आणि बी.एड. हा चांगला मार्ग आहे आणि वडिलांनाही तो पटण्यासारखा आहे.

अर्ज भरण्याआधी एक काम कर. बारावीची परीक्षा संपली की चाळीतल्या दुसरी-तिसरीच्या चार मुलांना रोज संध्याकाळी तासभर वाचन शिकव, सलग सहा आठवडे. एखादे मूल आले नाही तर त्याच्या घरी जाऊन ये आणि कारण वहीत लिही. सहा आठवड्यांनी ती वही घेऊन वडिलांसोबत मला भेटायला ये. प्रवेशाचे कागद आपण तिघे मिळून पाहू.

तुझा,
मार्गदर्शक