रोज ९ किलोमीटरसाठी इलेक्ट्रिक स्कूटर परवडते का?

तुमचे प्रश्न : इलेक्ट्रिक वाहने

पेट्रोलचा दर चढला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. या वेळच्या पत्रांत उत्साह कमी आणि शंका जास्त आहेत. त्यातल्या बऱ्याच शंका रास्त आहेत, काही मात्र भलत्याच जागी घेतल्या जातात.

परभणीत पेट्रोल मुंबईपेक्षाही महाग. माझी शाळा जाऊन-येऊन ९ किलोमीटर. जुनी स्कूटर विकून इलेक्ट्रिक घ्या, असं मुलगा म्हणतो. शेजारी म्हणतात, बॅटरी गेली की सगळं मुसळ केरात. खरं कुणाचं? (शिक्षक, परभणी)

तुमच्यापुरतं शेजाऱ्यांचं. तुमच्याकडे इंधन पार मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरने येतं, त्या वाहतुकीचा भार दरावर पडतो. पण लिटरमागे दर किती यापेक्षा तुम्ही महिन्याला लिटर किती जाळता, हे आधी बघा.

पेट्रोल १०५ रुपये आणि स्कूटरचं अ‍ॅव्हरेज ४५ धरू. किलोमीटरला २ रुपये ३३ पैसे पडतात. इलेक्ट्रिक स्कूटर बॅटरीतून किलोमीटरला साधारण ३० वॅट-अवर घेते. चार्जरमध्ये उष्णता होऊन जाणारी वीज धरली तर भिंतीतल्या पॉइंटवर ३५. म्हणजे एका युनिटमध्ये (१ किलोवॅट-अवर, म्हणजे १,००० वॅट-अवर) २८ किलोमीटर. वहन आकार आणि वीज शुल्क मिळून युनिट १३ रुपयांना धरलं, तर किलोमीटरला ४६ पैसे. बचत १ रुपया ८७ पैसे.

वर्षाला ३०० दिवस शाळा धरली तर तुमचे २,७०० किलोमीटर होतात आणि बचत सुमारे ५,००० रुपये. ऑइल, प्लग, बेल्ट यांचे वाचलेले दीड हजार त्यात घाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल स्कूटरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा ५ टक्केच राहिला. म्हणजे किमतीतलं इलेक्ट्रिकचं पारडं तेवढं हलकं झालं. नव्या-नव्यात २५ हजारांचा फरक धरला तर तो फिटायला जवळपास चार वर्षं. तुमची जुनी गाडी तर अजून चालतेय. तेव्हा फरक २५ हजारांचा नाही, नव्या गाडीच्या अख्ख्या किमतीचा आहे.

आता बॅटरी. ३ किलोवॅट-अवरच्या बॅटरीला ६५ हजार धरू. ती ८०,००० किलोमीटर चालली तर किलोमीटरला ८१ पैसे पडतात. तरीही पेट्रोलपेक्षा रुपयाने स्वस्त. पण लिथियम बॅटरी नुसती किलोमीटरने म्हातारी होत नाही, उभ्या-उभ्याही होते. ती तुमच्याकडे आठ वर्षं टिकली तर तोवर गाडी २१,६०० किलोमीटर चाललेली असेल. ६५ हजार भागिले २१,६००, म्हणजे किलोमीटरला ३ रुपये. पेट्रोलपेक्षा महाग! कमी फिरणाऱ्यानेच इलेक्ट्रिक घ्यावी हा समज म्हणूनच उलटा आहे. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या कुरिअरवाल्याचे वर्षाला २२ हजार वाचतात. पहिल्या सव्वा वर्षात फरक फिटतो. त्याने उद्याच घ्यावी. तुम्ही जुनी गाडी नीट सर्व्हिसिंग करून वापरा.

पाचव्या मजल्यावर राहतो. बॅटरी काढून घरात आणून चार्ज करता येईल अशी स्कूटर बघितली आहे. बाबांनी जळणाऱ्या स्कूटरचे व्हिडिओ पाहिलेत, ते बॅटरी उंबऱ्याच्या आत येऊ द्यायला तयार नाहीत. (वाचक, डोंबिवली)

बाबांची भीती हवेतली नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर स्कूटर पेटल्या, त्यातली एक पुण्यात धानोरीला. एका सेलमध्ये आतून शॉर्ट झाला की तो तापतो, शेजारच्याला तापवतो आणि साखळी सुरू होते. त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरीचं मानक कडक झालं. बदल दोन टप्प्यांत लागू झाले : १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. एक सेल पेटला तरी आग बॅटरीबाहेर येण्याआधी इशारा मिळावा, अशी सोय त्यात आली. म्हणून गाडीच्या प्लेटवर उत्पादनाचा महिना बघा. एप्रिल २०२३ च्या आधीची बॅटरी कितीही स्वस्तात मिळाली तरी घरात आणू नका.

मात्र घरातला धोका पुष्कळदा बॅटरीपेक्षा भिंतीत असतो. ७५० वॅटचा चार्जर साडेतीन अँपिअरच्या आसपास ओढतो. साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटला हे कागदावर झेपतं. पण मिक्सर पाच मिनिटं चालतो आणि चार्जर चार-पाच तास. जुन्या सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झालेली असली की पिनेला नीट चिकटत नाही आणि तिथे ठिणग्या पडतात. तपासायचं असं : अर्धा तास चार्जिंग झाल्यावर बटण बंद करा, प्लग काढा आणि पिनांना बोट लावा. कोमट असतील तर ठीक. बोट ठेववत नसेल, पिना काळपट दिसत असतील किंवा भोकांभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालं असेल, तर तो सॉकेट त्याच दिवशी बदला. बदलताना १६ अँपिअरचाच बसवा आणि त्याची वायर थेट डीबीतून, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीतून, आणा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

बॅटरी कुठे ठेवायची? गादीवर, सोफ्यावर नाही, लाकडी कपाटात नाही आणि मुख्य दरवाजाच्या वाटेत तर नाहीच. बहुतेक घरांत ती चपलांच्या स्टँडशेजारी ठेवतात. पेटलीच तर बाहेर पडायची वाट तीच. बाल्कनीच्या कोपऱ्यातली सावलीतली फरशी उत्तम. सगळे झोपल्यावर चार्जिंगला लावू नका. संध्याकाळी लावा, जेवणं होईतो संपतं. बॅटरी पडली, फुगली, तिला गोडसर उग्र वास आला किंवा सुसू आवाज आला, तर उचलून पळायच्या भानगडीत पडू नका. माणसं बाहेर काढा, खोलीचं दार ओढून घ्या, १०१ ला फोन करा आणि लिथियम बॅटरी आहे हे सांगा.

आणि बाजारात आठशे रुपयांत मिळणारा 'सेम टू सेम' चार्जर घेऊ नका.

रोज वाईहून पाचगणीला दोघं जातो. शोरूमवाला म्हणतो १२० किलोमीटर रेंज. पसरणी घाटात किती उरेल? (वाचक, वाई)

१२० हा चाचणीतला आकडा आहे. सपाटीवर दोघांना घेऊन ८५-९० धरा. घाटाचा हिशेब वेगळा करू. पाचगणी वाईपेक्षा सुमारे ५७५ मीटर उंच. गाडी आणि दोन माणसं मिळून २५० किलो. नुसतं वर उचलायलाच ०.३९ युनिट लागतं. मोटरमधली घट धरून अर्धं युनिट. वर १२ किलोमीटर चालण्याचं ०.३५. एकूण ०.८५. बॅटरी ३ किलोवॅट-अवरची असेल तर चढतानाच २८ टक्के जाते. उतरताना त्यातली थोडी परत मिळते. दोन्ही फेऱ्या मिळून ४० टक्क्यांत होतील, म्हणजे रेंजची काळजी नाही.

काळजी दुसरीच आहे. पाचगणीत ऑफिसला गाडी १०० टक्के चार्ज करून उतरायला निघालात, तर बॅटरीत परत येणाऱ्या विजेला जागाच नसते. मग गाडी मोटरने ओढून धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. वर चार्ज करायचीच तर ८५-९० टक्क्यांवर थांबवा. घेण्याआधी टेस्ट राइड घाटात मागा, तीही दोघं बसून. मोटर तापली की काही गाड्या आपोआप वेग कमी करतात. शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर ते कधीच कळत नाही.

कुणी म्हणतं ८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, कुणी म्हणतं फुल करा. नागपूरच्या उन्हात काय करावं? (वाचक, नागपूर)

दोन्ही बरोबर, बॅटरी वेगवेगळी. लिथियम बॅटरीचे हे दोन प्रकार. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल असतील तर रोज ८०-९० टक्क्यांवर थांबवणं हिताचं. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण १०० करा. एलएफपी सेलचा विद्युतदाब २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सारखाच, ३.२-३.३ व्होल्ट राहतो. त्यामुळे किती चार्ज उरला हे बॅटरीच्या मेंदूला, म्हणजे बीएमएसला, नुसत्या व्होल्टवरून उमगत नाही. तो अंदाजाने मोजतो आणि चूक साठत जाते. १०० टक्क्यांना व्होल्ट एकदम चढतात, तेव्हा त्याला खूण मिळते. 'पंचवीस टक्के दाखवत होती आणि बंद पडली' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. आपली बॅटरी कोणती हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं.

नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांत गाडी आणून लगेच चार्जिंगला लावू नका. सावलीत पाऊण तास निवू द्या, शक्यतो पहाटे लावा. सुट्टीला गावी जाताना बॅटरी निम्म्यावर ठेवून जा. उन्हात फुल चार्ज करून महिनाभर उभी ठेवणं, याहून वाईट वागणूक बॅटरीला देता येत नाही.

सोसायटीची कमिटी पार्किंगमध्ये चार्जर लावू देत नाही. 'लोड येईल, आग लागेल' म्हणतात. (वाचक, पिंपरी-चिंचवड)

स्वतःच्या घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. पण कमिटीसमोर कायदा आपटण्याऐवजी वायरिंगचा कागद ठेवा, काम लवकर होतं. त्यात एवढं असावं : मीटर रूममधल्या तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र केबल, पाइपातून, जास्त भार आला की पडणारा २० अँपिअरचा एमसीबी, वीजगळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, मोजून घेतलेलं अर्थिंग, लायसन्सधारक ठेकेदाराची सही, आणि नुकसान झाल्यास जबाबदारी तुमची, हे लेखी.

केबलमध्ये पैसे वाचवू नका. मीटर ३० मीटरवर असेल आणि वायरमनने अडीच स्क्वेअर एमएमची वायर ओढली, तर जाऊन-येऊन ६० मीटर वायरीत १५ अँपिअरला १०० वॅट नुसते उष्णतेत जातात, तेही रोज, तासन्‌तास. चार किंवा सहा एमएमची घ्या.

७ किलोवॅटच्या चार्जरचा हट्ट सोडा. त्यासाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि कमिटीची धास्तीही तिथेच आहे. रोज ४० किलोमीटर चालणाऱ्या कारला सात युनिट पुरतात, ३.३ किलोवॅटवर ते दोन-सव्वादोन तासांचं काम. रात्र दहा तासांची असते. एक खोच मात्र आहे : महिन्याला ही २०० युनिट घरच्या मीटरवर पडली की बिल वरच्या टप्प्यात जातं आणि ती युनिट सगळ्यात महाग दराने लागतात. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा मीटर घेता येतो, त्याचा दर विचारून दोन्ही हिशेब करा.

कार वीस दिवस उभी होती. बॅटरी ७० टक्के, तरी सुरूच होईना. मोठी बॅटरी गेली का? (वाचक, नाशिक)

बहुधा नाही. बॉनेटखाली साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. मोठ्या बॅटरीचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, तीच ओढते. ती उतरली की मोठीत कितीही वीज असली तरी बाहेर येत नाही. मल्टिमीटर लावा : १२ च्या खाली असेल तर दोष तिचाच. पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने जंप स्टार्ट करा. तीन-चार वर्षं झाली असतील तर बदलून टाका. खर्च काही हजारांचा.

पुराच्या गावात इलेक्ट्रिक चालेल का? (वाचक, शिरोळ)

पावसात बिनधास्त. पुरात नाही. बॅटरीवर लिहिलेलं आयपी-६७ (धूळ-पाणी रोखण्याचं मानक) म्हणजे १ मीटर स्वच्छ पाण्यात ३० मिनिटं, तेही सील नवे असताना. २०१९ आणि २०२१ ला तुमच्याकडे पाणी कसं आणि किती दिवस होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पाण्याची वर्दी आली की भांडीकुंडी हलवण्याआधी गाडी उंचावर न्या. बुडालीच तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका. घर आणि गोठ्यापासून लांब, उघड्यावर उभी करा. पाणी शिरलेली बॅटरी चार दिवसांनीही पेटू शकते.

चंद्रपूरचा कोळसा जाळून बनवलेल्या विजेवर गाडी चालवायची आणि पर्यावरण वाचवलं म्हणायचं? (वाचक, बल्लारपूर)

धूर तुमच्या वाट्याला येतो, तेव्हा राग समजतो. आकडे असे : लिटरभर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे स्कूटरचा किलोमीटरला ५१ ग्रॅम. आपल्या ग्रिडची वीज युनिटला ०.७ किलोच्या आसपास; किलोमीटरला २५ ग्रॅम. बॅटरी बनवतानाचा भार फिटायला दहा-एक हजार किलोमीटर लागतात. थोडक्यात निम्मं होतं, शून्य नाही. आणि जे होतं ते पुण्याच्या सिग्नलवर न होता तुमच्या चिमणीतून होतं, ही तक्रार रास्तच.

मुलगी अकरावीत. लायसन्स न लागणारी स्कूटर घेतोय. दुकानदार म्हणतो, ४५ चा स्पीड करून देतो. (वाचक, जालना)

लायसन्स आणि नंबर प्लेटची सूट २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या गाडीलाच. कंट्रोलरची एक वायर कापली की वेग वाढतो, दुकानदार तेच करतो. त्या क्षणी ती विनानोंदणी, विनाविमा गाडी होते आणि तिचे ब्रेक मात्र २५ च्याच हिशेबाचे राहतात. अपघात झाला तर भरपाई तुमच्या खिशातून. दुकान बदला. २५ च्या गाडीतही बॅटरी लेड-अ‍ॅसिड आहे की लिथियम ते विचारा. लेड-अ‍ॅसिड स्वस्त पडते, पण रोज वापरली तर दीड-दोन वर्षांत दम टाकते.