विचारा ताईंना : मे महिन्यात मासे गार करून खायचे तर…

या वेळी मासे-कोलंबीचे प्रश्न एवढे आलेत की बाकीचे पुढच्या अंकात घेते. साहजिकच आहे म्हणा, सोलापुरात पारा ४२-४३ वर गेला की दुपारी तांबडा रस्सा समोर आला तरी घाम फुटतो, पण मासे तर सोडवत नाहीत.

प्रश्न : ताई, माझ्या मुलीनं मोबाईलवर सेविचे म्हणून प्रकार बघितला, कच्चा मासा लिंबाच्या रसात मुरवायचा आणि गार खायचा, गॅस पेटवायचाच नाही. ती म्हणते उजनीचा कटला आणू आणि करू. चालेल का? (जुळे सोलापूर)

नको. आधी नको म्हणते आणि मग कारण सांगते, कारण हा प्रश्न चार-पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय.

सेविचे मूळ पेरू देशाचं. २०२३ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत ते गेलं, त्यामुळे पदार्थ चांगलाच आहे, त्यात वादच नाही. पण तिथली राजधानी लिमा समुद्राला लागून आहे, तिथं ताजा समुद्री मासा मिळतो आणि तो लगेच संपवतात. लिंबानं मासा पांढरा पडतो म्हणून शिजल्यासारखा दिसतो, कारण आम्लानं त्यातली प्रथिनं घट्ट होतात, पण आतले जंतू आणि कृमी मरतीलच असं नाही, ते खात्रीचं काम आचेचं. त्यात उजनीचा कटला, रोहू, चिलापी हे गोड्या पाण्यातले मासे, आणि गोड्या पाण्यातल्या माशात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात, म्हणून तो कच्चा कधीच खायचा नाही, कितीही ताजा असो. कुणी म्हणेल फ्रीजरमध्ये ठेवून मग खाऊ. तर कृमी मरायला उणे २० डिग्रीत सलग ७ दिवस लागतात, आपला घरचा फ्रीजर कसाबसा उणे १८ ला जातो आणि मध्ये लाईट गेली की तेवढाही राहत नाही, शिवाय गोठवून जंतू मरत नाहीत ते वेगळंच.

मुलीचं मन मोडू नका मात्र. मरळ आणा, त्याला काटे कमी असतात. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात ३-४ मिनिटं शिजवा, बोटानं दाबल्यावर पापुद्रे सुटले पाहिजेत. लगेच निथळून पसरट ताटलीत घालून फ्रीजमध्ये टाका, ढीग करून ठेवू नका, मधला भाग तासन् तास कोमट राहतो. पूर्ण गार झाला की लिंबू, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि किसलेली कैरी. कैरी सोडू नका, आपल्या जिभेला लिंबापेक्षा तीच जास्त ओळखीची आहे आणि मे महिन्यात ती नाही खायची तर कधी खायची!

प्रश्न : कोलंबीचं गार सॅलड घरी केलं की कोलंबी रबरासारखी होते. काय चुकतंय? (अक्कलकोट रोड)

जास्त शिजतेय, दुसरं काही नाही. पाठीला चीर देऊन काळा धागा काढा, पाणी खळखळ उकळल्यावरच कोलंबी टाका, गुलाबी होऊन वळली की झालं, मध्यम आकाराला २-३ मिनिटं पुष्कळ. गाळून थेट बर्फाच्या पाण्यात, म्हणजे शिजणं तिथंच थांबतं.

बर्फ घरी केलेलाच घ्या, तोही उकळून गार केलेल्या पाण्याचा, कारण आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आपण दिवस-दिवस साठवून वापरतो. मासळीवाल्याकडून बर्फ मागून आणू नका, तो मासा टिकवण्यासाठी असतो, खाण्यासाठी नाही. न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून तो निळसर ठेवायचा असा नियमच २०१८ पासून आहे.

आता माझी आवडती गोष्ट. गार कोलंबी, काकडी, थोडे डाळिंबाचे दाणे (आपल्या जिल्ह्याचं डाळिंब सोडून दुसरीकडचं कशाला), लिंबू, मीठ, आणि खाताना वरून सोलापुरी शेंगाचटणी. चटणी आधी घालू नका, पाणी सुटून तिचा लगदा होतो. सोबत कडक भाकरी मोडून घ्या आणि तिच्या तुकड्यावर सॅलड ठेवून खा. मेयोनीज घातलेल्या हॉटेलच्या सॅलडपेक्षा मला हे शंभर पटीनं बरं वाटतं, आणि उन्हात पोटालाही हलकं.

वाढलं की तासाभराच्या आत संपवायचं, एवढ्या उन्हात त्याच्यापुढं थांबायचं नाही. उरलं तर टाकून द्या, जीव तुटला तरी.

प्रश्न : बांगडा तळून व्हिनेगरमध्ये मुरवून गार खातात म्हणे, आपल्याकडं जमेल का? (पूर्व भाग)

जमेल. स्पेन-पोर्तुगालकडची जुनी पद्धत आहे, तळलेल्या माशावर लसूण, कांदा, मिरी घालून उकळलेलं व्हिनेगर ओततात आणि फ्रीजमध्ये मुरवून दुसऱ्या दिवशी गार खातात, चव खरंच वाढते.

पण बांगडा घेताना डोळे उघडे ठेवा. बांगडा, सुरमई, कुपा या माशांना प्रवासात बर्फ कमी पडला की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते तळून, उकळून, गोठवून कशानंच जात नाही. खाल्ल्यावर तोंडात जळजळ, अंगावर लाल चट्टे, डोकं ठणकणं. म्हणून बर्फात पुरलेलाच मासा घ्या, बर्फाच्या वर नुसता मांडलेला नको, आणि बाजारातून सरळ घरी या. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा हे करायचं तर मे संपायच्या आत करा.

प्रश्न : सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जाताना डब्यात गार काहीतरी मासळीचं न्यायचंय, आणि घरी फ्रीजही बिघडलाय. (बार्शी)

ओलं काहीच नेऊ नका, गाडीत रात्रभर ते गार राहणार नाही. तुमच्यासाठी सुका जवळा आहे. निवडून, चाळून कोरड्या तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत भाजा, गार झाला की तिखट-मीठ लावून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गोव्याकडं सुक्या कोलंबीची किसमूर करतात ती याच जातीची, त्यात ओलं खोबरं, कांदा आणि चिंच असते आणि ती गरम करावीच लागत नाही. तुम्ही खोबरं घरीच राहू द्या, ते लवकर आंबतं. कांदा आणि लिंबू अख्खं सोबत घ्या, जेवायला बसाल तेव्हाच चिरून कालवा आणि कालवलेलं तिथंच संपवा.