कुत्रा घरात, घर विक्रीला

"घर विकायचंय, पण घरात कुत्रा आहे, मांजर आहे. गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. विक्री होईपर्यंत कुत्र्याला कुठंतरी ठेवून यावं का?" समुपदेशनात हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा येतो, आणि बहुधा झोप उडाल्यावरच येतो.

जुळे सोलापुरातल्या एका रो हाऊसमध्ये राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका हीच काळजी घेऊन आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगा पुण्यात; घर विकून त्याच्याकडे जायचं ठरलेलं. घरात नऊ वर्षांचा गावठी कुत्रा मोती आणि एक मांजर. मुलगा म्हणे, "आई, मोतीला तोवर मावशीच्या शेतावर ठेव." एजंट म्हणे, "घर चांगलंय ओ बाई, पण वास येतोय." बाईंना वास येतच नव्हता, म्हणून राग दोघांवरही.

त्या खोटं बोलत नव्हत्या. रोजच्या वासाला नाक सरावतं. म्हणून पहिलं काम दिलं ते साधं होतं: दोन रात्री बहिणीकडे राहा, परत आल्यावर दार उघडून पहिले तीन श्वास नीट घ्या. परतल्यावर त्यांचा फोन आला. "एवढे दिवस लोकांना मी या वासात बसवून चहा देत होते?" एवढं बोलून त्या रडल्या.

या घरात दोन प्रश्न एकात गुंतले होते, वासाचा आणि मोतीचा. मोतीला शेतावर पाठवून वास जाणार नव्हता, कारण तो फरशीत मुरला होता. शिवाय म्हाताऱ्या कुत्र्याला अनोळखी रानात नेऊन बांधलं, तर तो खाणं तरी सोडतो किंवा दावं तोडून पळतो. मग घर विकलं गेलं तरी बाईंची झोप परत येणार नव्हती.

मोती घरात कधीपासून लघवी करतो? सहा महिन्यांपासून, आणि एकाच जागी, यजमानांच्या खाटेच्या पायाशी. आपण सगळे लगेच "त्याला मालकाची आठवण येते" असं म्हणून मोकळे होतो. असेलही. पण नऊ वर्षांचा शिकलेला कुत्रा अचानक घरात करू लागला, तर आधी पशुवैद्याकडून लघवी आणि रक्त तपासून घ्यायचं: मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंड. मोतीला संसर्गच निघाला. औषधानं तो थांबला. हे न करता फरशी घासत बसणं म्हणजे गळक्या टाकीखालची जमीन पुसणं.

आता फरशी. सोलापुरातल्या जुन्या घरांत शहाबादी असते. हा चुनखडीचा दगड, लघवी पिऊन घेणारा. बाईंनी आधी बाथरूमचं ॲसिड टाकून पाहिलं. फेस आला, दगड पांढरा पडला, वास तसाच. चुनखडीवर ॲसिड, व्हिनेगर, लिंबू काहीच चालत नाही. ब्लीचही नको, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून घशाला झोंबणारा विषारी वायू होतो. फिनेल तर मांजराच्या घरात आणूच नये, ते मांजराच्या यकृताला पचत नाही. पंजे चाटताना पोटात जातं.

मग वास जातो कशानं? लघवीतल्या युरिक ॲसिडचे स्फटिक पाण्यात नीट विरघळत नाहीत. म्हणून फरशी कोरडी असेतो ठीक वाटतं आणि पहिल्या पावसात दमट हवेबरोबर वास पुन्हा उठतो. त्यावर एन्झाइमवालं, म्हणजे वासाचं मूळच तोडणारं क्लीनर लागतं. रात्री दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चनं डाग शोधायचे, खडूनं खुणा करायच्या. जुना साबण, फिनेल साध्या पाण्यानं आधी काढायचं, नाहीतर एन्झाइम मरतं. मग क्लीनर भरपूर ओतून वर ओलं फडकं, त्यावर प्लॅस्टिक, आणि रात्रभर तसंच. लोक शिंपडून पाच मिनिटांत पुसून घेतात आणि "पैसे वाया गेले" म्हणतात. दोनदा, जुन्या डागावर तीनदा करावं लागतं. सांध्यातला भुसभुशीत माल खरवडून नव्यानं भरायचा, दोन-तीन दिवस वाळू द्यायचं, मग दगडाची छिद्रं बुजवणारं सीलर. भिंतीच्या खालच्या वीतभर प्लास्टरमध्ये मुरलं असेल तर वर थेट रंग लावू नये. आधी ऑइल प्राइमर.

फरशीइतकाच दोषी कूलर. गवताच्या पॅडमध्ये केस अडकतात आणि पंखा तोच वास घरभर फिरवतो. पॅड बदलले की निम्मं काम होतं. दाराला नखांचे ओरखडे असतील तर लाकडाची पुट्टी, पॉलिश पेपर आणि पॉलिश. उदबत्ती मात्र नको. घरात शिरताच धुपाचा लोट आला, की गिऱ्हाईक विचारतं, काय झाकताय?

बाईंना सगळ्यात जड गेली ती खाट. तिच्याखालची फरशी स्वच्छ करायला ती उचलावी लागणार होती, आणि दोन वर्षांत कुणी तिला हात लावला नव्हता. घाई केली नाही. मुलगा शनिवारी येईल, दोघं मिळून उचला, इतकंच ठरलं. त्या दिवशी मोती मागच्या अंगणात नाही, तिथंच बसला होता म्हणे.

घर दाखवायची वेळ एजंटला लेखी दिली: सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी सहानंतर, दोन तास आधी फोन करून. मे महिन्यात दुपारी कुत्र्याला बाहेर काढलं तर डांबरानं पंजे भाजतात. हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर ठेवून पाहावी, ठेववत नसेल तर कुत्र्यालाही नको. मांजर आतल्या खोलीत, दारावर कागद: "आत मांजर आहे, दार उघडू नये." कुत्रा आहे हे लपवायचं नाही, विचारलं की सांगायचं.

मुलाला पुण्याच्या सोसायटीची भीती होती. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी बहुमतानंही पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही, हे त्याला दाखवलं तेव्हा शेताचा विषय मागे पडला.

पडदे, सोफ्याची कव्हरं, दिवाणावरच्या चादरी, सगळं गरम पाण्यात धुतलं. मोती झोपतो ती सोलापुरी चादर तेवढी धुवू नका, असं बाईंना बजावलं होतं. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवायची आणि पुण्याच्या घरात सामान लागण्याआधी जमिनीवर अंथरायची.