नेट न्यूट्रॅलिटीचा ‘नियम’ की ‘विनियम’?

नेट न्यूट्रॅलिटीविषयी, म्हणजे इंटरनेट कंपनीने सगळ्या संकेतस्थळांना व मजकुराला सारखेच वागवावे या तत्त्वाविषयी, मराठीत लिहिताना एकाच गोष्टीला कोणी ‘नियम’ म्हणतो, कोणी ‘विनियम’, तर कोणी सरळ ‘कायदा’. हे शब्द समानार्थी मानावेत का, असा प्रश्न आहे. बोलण्यात खुशाल मानावेत. कायद्याच्या मराठीत मात्र ते वेगळे आहेत, आणि बंधन कोणी व कोणत्या अधिकाराने घातले, हे त्या वेगळेपणातूनच कळते.

संसद किंवा विधिमंडळ करते तो अधिनियम, म्हणजेच आपला रोजचा ‘कायदा’. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाविषयीच्या 1997 च्या अधिनियमात दोन कलमे लागोपाठ येतात: कलम 35 केंद्र सरकारला ‘नियम’ करण्याचा अधिकार देते, तर कलम 36 प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, ‘विनियम’ करण्याचा. निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ या सेवेवरून वाद पेटलेला असताना 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने, ग्राहक कोणता मजकूर पाहतो यावरून डेटाचे दर कमीजास्त करण्यास मनाई केली, ती याच कलम 36 खाली आणि कलम 11 मधील दरविषयक अधिकाराच्या आधारे. त्यामुळे ‘सरकारने नियम केला’ हे वाक्य या बाबतीत कर्ता आणि कर्म अशा दोन्ही ठिकाणी चुकते. ‘ट्रायने विनियम केले’ असे लिहावे.

विनियमाची सत्ता उसनी असते. मूळ अधिनियमाने आखलेल्या हद्दीबाहेर तो गेला, तर न्यायालय तो रद्द करू शकते. कॉल ड्रॉपसाठी ग्राहकाला भरपाई देण्याचे ट्रायचे विनियम सर्वोच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये असेच रद्द केले.

मात्र सगळी नेट न्यूट्रॅलिटी ‘विनियमा’त बसवण्याची घाईही नको. एखादे संकेतस्थळ अडवणे किंवा त्याचा वेग मुद्दाम कमी करणे यावरील मनाई 2018 मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांच्या परवान्यांत घातली. परवाना देण्याचा केंद्राचा अधिकार तेव्हा 1885 च्या तार अधिनियमाच्या कलम 4 मधून येत होता, म्हणून तिथे नियमही नाही आणि विनियमही नाही. तिथे नेमका शब्द ‘अट’ हाच, साधा आणि चोख.

राहिला ‘वि’ हा उपसर्ग. ‘विफल’, ‘वियोग’ यांच्या सवयीने ‘विनियमन’ म्हणजे नियम काढून टाकणे, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात इथला ‘वि’ ‘विख्यात’, ‘विशुद्ध’ यांतला, म्हणजे ‘विशेष’ या अर्थाचा आहे. तरीही क्रियेसाठी मी ‘नियमन’च लिहितो, कारण ‘नियामक’ हा शब्द मराठीत रुळलेला आहे आणि त्याच्या जोडीला ‘नियमन’ सहज शोभते; ‘विनियम’ मात्र ट्रायने केलेल्या त्या दस्तऐवजाचे नाव म्हणून राखून ठेवावा, जसे गृहनिर्माण संस्थेच्या ‘उपविधीं’ना आपण कागदोपत्री ‘नियम’ लिहीत नाही.