नववीतल्या मुलाच्या दप्तरात वेप (ई-सिगारेट) सापडलं, शाळेला सांगावं का?
सांगा, पण आधी मुलाशी बोला. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत असंच झालं. पेन ड्राइव्हसारखी वस्तू, आंब्याचा वास. आईला वाटलं, अत्तर असेल! शाळेने थेट दाखला काढून न्यायची भाषा केली आणि पोरगं आणखीच मिटलं. म्हणून आधी वर्गशिक्षिकेला एकटं गाठा; समुपदेशक असेल तर उत्तमच.

ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. शिवाय अल्पवयीन मुलाला तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. दम भरायचाच तर विकणाऱ्याला भरा. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. पहिला फोन तुम्हीच करा, पोराच्या हातात नंतर द्या.